अपस्मारातील शस्त्रकर्म आणि स्मृतीचे पूर्वानुमान

'अपस्मार' या संज्ञेतच स्मृतीचा अपगम अभिप्रेत आहे. १९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलेसन यांच्या मेंदूतील दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा बराचसा भाग काढण्यात आला. अपस्माराचे वेग घटले, परंतु नवीन घटना स्मरणात राहीनाशा झाल्या. आता असे शस्त्रकर्म एकाच बाजूस करतात; तथापि डाव्या टेम्पोरल लोबच्या छेदनानंतर शाब्दिक स्मृती क्षीण होऊ शकते. फंक्शनल एमआरआयमध्ये रुग्ण शब्द स्मरत असता रक्तातील प्राणवायूच्या बदलावरून मेंदूचे कार्यरत भाग दिसतात. काढावयाचा भाग जितका कार्यक्षम, तितकी हानीची शक्यता अधिक. म्हणून औषधांनी वेग न आवरणारा रुग्ण शल्यचिकित्सकाकडे पाठविताना वैद्याने या तपासणीविषयी अवश्य विचारावे. वेग थांबणे हे यश खरेच. पण त्यासाठी कोणती स्मृती पणाला लागते, हे रुग्णाला आधीच ज्ञात असावे.