चष्म्याचा नंबर येतो कुठून?

मागच्या व्याख्यानात आपण आरशापाशी थांबलो होतो. सपाट आरशातली प्रतिमा आरशामागे दिसते खरी, पण तिथं कागद धरला तर त्यावर काहीच उमटत नाही. बहिर्वक्र भिंगाचं तसं नाही. आजोबांचा वाचायचा, अधिक 2 नंबरचा चष्मा घ्या. खोलीतले दिवे बंद करून खिडकीसमोरच्या भिंतीपुढे तो मागेपुढे करून बघा. भिंतीपासून साधारण अर्ध्या मीटरवर आला की बाहेरचं झाड भिंतीवर उमटतं, छोटं, उलटं आणि रंगासकट. हे अंतर म्हणजे भिंगाचं नाभीय अंतर. 1 ला या मीटरमधल्या अंतरानं भागलं की नंबर मिळतो: 1 भागिले 0.5, म्हणजे 2. एकक डायॉप्टर. दुकानदार सांगतो तो नंबर हाच, त्यात गूढ काही नाही.

आता डोळा. आपल्या डोळ्याची एकूण शक्ती सुमारे 60 डायॉप्टर असते. बहुतेकांना वाटतं, हे काम डोळ्यातलं भिंग करतं. प्रत्यक्षात दोन तृतीयांश काम समोरचं पारदर्शक पारपटलच उरकतं. विहिरीत बुडी मारून डोळे उघडले की सगळं धूसर का दिसतं? पाणी आणि पारपटल प्रकाशाला जवळपास सारखंच वाकवतात, त्यामुळे त्या सीमेवर किरण वळतच नाहीत. पोहण्याचा गॉगल डोळ्यापुढे फक्त हवा ठेवतो, आणि तेवढ्यानं भागतं. आतलं भिंग उरलेलं, पण नाजूक काम करतं: जवळचं पाहताना फुगतं, दूरचं पाहताना चपटं होतं. चाळिशीनंतर ते ताठर होत जातं आणि पेपर हातभर लांब जातो.

दृष्टिपटलावर चित्र उलटंच पडतं. केप्लरनं 1604 मध्ये हे मांडलं. मग जग सुलटं कसं दिसतं? अहो, मेंदूत बसून ते चित्र बघणारं दुसरं कुणी नाहीच! मेंदू दृष्टिपटलाकडून येणाऱ्या संदेशांचा अर्थ लावतो, बस.

मोठ्या माणसाचा डोळा पुढून मागे साधारण 24 मिलिमीटर असतो. तो एकच मिलिमीटर जास्त लांब झाला, तर अंदाजे उणे अडीचचा नंबर लागतो. दूरची प्रतिमा पडद्याच्या अलीकडेच तयार होते. उणे 2 नंबर असेल तर चष्मा काढून बारीक अक्षरं डोळ्यापासून हळूहळू लांब न्या. अर्ध्या मीटरपलीकडे ती धूसर व्हायला लागतील. चष्मा करतो काय, तर दूरच्या झाडाची प्रतिमा या अर्ध्या मीटरवर आणून ठेवतो. डोळ्याला तो हात लावत नाही.

म्हणूनच ‘लहानपणी चष्मा लावला की नंबर वाढतो’ ही समजूत आम्हाला घातक वाटते. वाढत्या वयात नंबर वाढतो तो डोळ्याची लांबी वाढत राहते म्हणून. मुलांनी दिवसा घराबाहेर उजेडात खेळणं यावर थोडाफार लगाम घालतं. चष्मा लपवून ठेवल्यानं मात्र लगाम बसत नाही, फळा तेवढा दिसेनासा होतो.

त्याहून मोठा धोका एकाच डोळ्याला जास्त नंबर असतो तेव्हा. मूल तक्रार करत नाही, कारण चांगल्या डोळ्यानं त्याचं भागतंय. पण मेंदू धूसर डोळ्याचे संदेश बाजूला सारायला शिकतो. यालाच आळशी डोळा म्हणतात. डोळा बाहेरून अगदी निरोगी दिसतो. सात-आठ वर्षांच्या आत चष्मा दिला आणि गरज पडल्यास चांगला डोळा रोज काही तास झाकला, तर नजर बरीच परत येते. उशीर झाला तर सुधारणा कठीण होत जाते, आणि मग कितीही चांगलं भिंग लावा, त्या डोळ्यानं पूर्ण स्पष्ट दिसत नाही.

घरी मूल असेल तर एक डोळा तळहातानं झाका, बोटांच्या फटीतून ते बघणार नाही एवढं पाहा, आणि समोरच्या कॅलेंडरवरची तारीख विचारा. मग दुसरा डोळा झाका. दोन्ही वेळा उत्तर आलं तरी शाळेत जायच्या आधी एकदा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्याच. एक डोळा झाकल्यावर मूल चिडलं, हात ढकलायला लागलं, तर थांबू नका, त्याच आठवड्यात जा.