दगडखाणीतली बुडी

मालवण-तारकर्लीला जाऊन ‘स्कूबा’ करून आलेलं कुणी ना कुणी आता आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत असतं. भोवती मासे, तोंडात नळी आणि हाताची काहीतरी खूण, असा फोटोही ते हौसेनं दाखवतात. त्यांना एक प्रश्न विचारून पाहा. वर आलात तेव्हा सिलिंडरमध्ये हवा किती उरली होती? बहुतेकांना सांगता येणार नाही. त्यात त्यांची चूक काहीच नाही, कारण ते बघायला पाठीशी प्रशिक्षक होता. किती खोल जायचं, केव्हा वर यायचं, सगळं त्यानंच ठरवलं होतं. पहिल्या ओळखीला हीच पद्धत योग्य आहे.

आज बोलायचं आहे ते त्याच्या पुढच्या पायरीबद्दल. रीतसर शिकून प्रमाणपत्र मिळवलेली चार मित्रमंडळी रविवारी सकाळी गाडीत सामान टाकतात आणि गावाजवळच्या पाणी भरलेल्या दगडखाणीत बुडी मारायला जातात. समुद्र लांब असलेल्या मुलुखात ही अगदी नेहमीची हौस आहे. तिथे पाठीशी प्रशिक्षक नसतो, सोबत मित्र असतो. या मित्राला पाण्याखाली नेमकं काय काम असतं, हे समजलं की हा सगळा खेळच समजतो.

उदाहरण घेऊ इंग्लंडमधल्या स्टोनी कोव्हचं. लेस्टरला मी काही वर्षं होतो, तेव्हा आम्ही चौघं तिथे जात असू. लेस्टरशायर हा देशाच्या पोटातला भाग, समुद्रापासून बराच आत. तिथे एकोणिसाव्या शतकापासून ग्रॅनाइटची खाण चालू होती. खाणीत झरे होते, त्यामुळे खोदकाम चालू असेतो पंपानं पाणी उपसत राहावं लागे. १९५८ साली काम थांबलं, उपसा थांबला आणि झऱ्यांनी खाण भरून टाकली. पुढे तिथे हौशी पाणबुडे येऊ लागले. उत्तर समुद्रात तेल निघाल्यावर तिथल्या कामासाठी लागणाऱ्या व्यावसायिक पाणबुड्यांचं शिक्षणही याच खाणीत झालं.

दगडाची खाण एकाच सरळ खड्ड्यासारखी खोदत नाहीत. पायऱ्या-पायऱ्यांनी खाली जातात. त्या पायऱ्या पाण्याखाली तशाच राहिल्या. पहिली सुमारे ६ मीटरवर, दुसरी वीसेक मीटरवर आणि तळ सुमारे ३५ मीटरवर. नवशिक्यांनी पहिल्या पायरीवर राहावं, सरावलेल्यांनी दुसरीवर जावं, अशी वर्गवारी खाणीनं आपणहूनच करून ठेवली आहे. दुसऱ्या पायरीच्या खोलीवर ‘स्टेनगार्थ’ नावाची बोट आहे. १९१० साली बांधलेली ही ओढबोट पाणबुड्यांना बघायला काहीतरी हवं म्हणून २००० साली मुद्दाम बुडवली. हिरवट अंधारातून तिचा काळा नाकाडा अचानक पुढ्यात येतो तेव्हा, आत काही नाही हे ठाऊक असूनही, छातीत धस्स होतं.

आता आपल्याकडे दगडखाण म्हटलं की कपाळाला आठ्या पडतात, आणि पडायलाच हव्यात. बंद पडलेल्या खाणींत पोहायला उतरलेली मुलं बुडाल्याच्या बातम्या आपण नेहमी वाचतो. कारणं उघड आहेत. नदीला असतो तसा उतरता काठ खाणीला नसतो, कडा उभ्या असतात. दमल्यावर पाय टेकायला जागा नाही आणि वर चढायला धरायला काही नाही. वरचं पाणी उन्हानं कोमट, पण हातभर खाली ते एकदम गार होतं. तळाशी काय टाकलं आहे ते कुणाला माहीत नसतं. ही गोष्ट फक्त आपल्याकडचीच नाही. इंग्लंडमध्येच बक्स्टन गावाजवळ एका जुन्या चुनखडीच्या खाणीतलं पाणी सुंदर निळं दिसायचं. ते इतकं क्षारयुक्त होतं की कातडी भाजावी, तरी लोक पोहायला यायचेच. पाट्या लावून कुणी ऐकेना, तेव्हा २०१३ साली पाण्यात चक्क काळा रंग मिसळावा लागला. स्टोनी कोव्हलाही माणसं दगावली आहेत. म्हणजे सगळीकडे पाणी सारखंच. फरक पडतो तो तयारीनं आणि सोबत कोण आहे त्यानं.

तयारी कसली, ते समजायला थोडं गणित लागेल. कागद-पेन्सिल नको, तोंडी जमण्यासारखं आहे. आपल्या अंगावर हवेचा एक वातावरणाचा दाब असतोच. पाण्यात दर दहा मीटरला त्यात आणखी एकाची भर पडते. दहा मीटरवर दोन, वीस मीटरवर तीन, तीस मीटरवर चार. तोंडातला रेग्युलेटर आजूबाजूला जेवढा दाब असेल तेवढ्याच दाबाची हवा देतो. १९४३ साली फ्रान्समध्ये कुस्तो आणि गान्यां यांनी बनवलेल्या उपकरणाची करामत हीच. म्हणून खोलवरही छाती सहज फुगते. पण त्याची किंमत हवेत मोजावी लागते. वीस मीटरवर प्रत्येक श्वासाला जमिनीवरच्या तिप्पट हवा खर्ची पडते.

बारा लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबानं हवा भरली की ती होते २४०० लिटर. शांतपणे पोहणारा माणूस मिनिटाला साधारण वीस लिटर हवा घेतो असं धरू. जमिनीवर ती हवा दोन तास पुरेल. वीस मीटरवर तीच चाळीस मिनिटं आणि तीस मीटरवर अर्धा तास. शिवाय गेजचा काटा ५० वर येईल तेव्हा पाण्याबाहेर असायचं, हा हौशी पाणबुड्यांचा सर्वसाधारण नियम.

हे शेवटचे ५० कशासाठी? नवशिक्याला वाटतं, आपल्यासाठी, अडीनडीला. पण ते मुख्यतः जोडीदारासाठी असतात. समजा, वीस मीटरवर मित्राची हवा अचानक बंद झाली. तुमच्याकडे एक जादा रेग्युलेटर असतो, त्याची नळी बहुधा पिवळी, पटकन दिसावी म्हणून. तो तुम्ही त्याला देता. आता एका सिलिंडरवर दोघे आणि दोघेही घाबरलेले. प्रत्येकी वीसऐवजी चाळीस लिटर ओढणार. सावरायला एक मिनिट आणि वर यायला दोन, एवढ्यातच साडेपाचशे लिटरच्या आसपास हवा जाते. ५० बार म्हणजे सहाशे लिटर. जेमतेम जमलं. तेच तळाशी, पस्तीस मीटरवर झालं तर दुप्पट हवा लागते. म्हणून खालच्या पायरीवर काटा १०० वर असतानाच परत फिरायचं असतं. ‘अजून अर्धी टाकी आहे’ असं तिथे म्हणणारा मित्र हिशेबातून तुम्हाला वगळत असतो.

वर येणं हा तर स्वतंत्र विषय आहे. सर्वसाधारण समज असा की जितकं खोल तितका धोका. पण फुप्फुसाला सगळ्यात मोठा धोका शेवटच्या दहा मीटरांत असतो. तीस मीटरवरून विसावर येताना दाब चारावरून तीनवर येतो. दहावरून पृष्ठभागावर येताना तो दोनावरून एकावर येतो, म्हणजे छातीतली हवा दुप्पट होते. श्वास रोखून धरला तर दीड-दोन मीटर वर येतानाही फुप्फुसाला इजा होऊ शकते. ‘श्वास कधीही रोखायचा नाही’ हा पहिल्या दिवशीचा पहिला नियम त्याचसाठी. दुसरी भानगड नायट्रोजनची. दाबाखाली तो रक्तात आणि ऊतींत मुरतो. सोडावॉटरची बाटली फाडकन उघडली की फेस येतो ना, तसंच घाईनं वर आल्यावर शरीरात त्याचे बुडबुडे धरतात. ब्रिटिश शास्त्रज्ञ हाल्डेन यांनी बकऱ्यांवर प्रयोग करून १९०८ साली टप्प्याटप्प्यानं वर येण्याची कोष्टकं प्रसिद्ध केली. आज ते काम मनगटावरचा छोटा संगणक करतो. मिनिटाला नऊ-दहा मीटरपेक्षा जास्त वेगानं वर यायचं नाही आणि पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं, एवढं हौशी माणसानं पाळलं तरी पुष्कळ झालं.

खाणीची म्हणून खास अडचण आहे ती थंडीची. पाणी चार अंश सेल्सिअसला सगळ्यात जड असतं, त्यामुळे थंड देशांत हिवाळ्यातलं गार पाणी तळाशी जाऊन बसतं आणि उन्हाळ्यातही तिथून हलायला बघत नाही. वरचं कोमट आणि खालचं गार यांची सीमा इतकी ठळक असते की हात खाली आणि डोकं वर ठेवलं तर दोन ऋतू एकदम कळतात. एवढ्या थंडीत रेग्युलेटरमध्ये बर्फ धरू शकतो. दाबाखालची हवा मोकळी होताना आणखी गार होते, आतला बारीकसा भाग गोठून उघडाच राहतो आणि हवा धो-धो वाहायला लागते. सिलिंडर काही मिनिटांत रिकामा. मघाशी ‘समजा’ म्हटलं तो प्रसंग खाणीत असा खरोखर ओढवतो.

आणि गाळ. तळाजवळ कुणी बेफिकिरीनं पाय मारले की दगडाची बारीक भुकटी उठते आणि स्वतःचा हात दिसेनासा होतो. रविवारी दुपारपर्यंत इतक्या जणांनी तळ ढवळलेला असतो की सकाळी जे दहा मीटरवरून दिसत होतं ते दोनावर येतं. म्हणून जोडीदारानं दोन-तीन मीटरच्या आतच राहायचं. दिसेनासा झाला तर जागच्या जागी वळून मिनिटभर शोधायचं, नाही सापडला तर सावकाश वर यायचं. त्यानंही तेच करायचं. भेट वर होते. खाली शोधत हिंडणारे दोघे एकमेकांना क्वचितच सापडतात.

पाण्याखाली बोलता येत नाही, तेव्हा कारभार खुणांवर. रेडिओवरून हात दाखवता येत नाही म्हणून सांगतो. अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल केला की ‘ठीक आहे’. अंगठा वर केला तर आपण म्हणतो ‘मस्त’, पण पाण्यात त्याचा अर्थ ‘वर चल’. पंजा आडवा धरून हलवला तर ‘काहीतरी बिघडलंय’. गळ्यावरून आडवा हात फिरवला तर ‘हवा नाही’. पाण्यात शिरण्यापूर्वी एकमेकांचं सामानही तपासायचं असतं. त्यातली एक युक्ती मला फार आवडते. जोडीदाराला गेजकडे बघत चार श्वास घ्यायला सांगायचं. श्वासागणिक काटा खाली झुकून परत वर येत असेल तर सिलिंडरची तोटी पूर्ण उघडलेलीच नाही. वर काठावर हवा पुरते, वीस मीटरवर ती पुरणार नाही.

ब्रिटिश सब-ॲक्वा क्लब ही १९५३ सालची संस्था अपघातांचे वार्षिक अहवाल छापत आली आहे. वाचायला सुखद नाहीत, पण शिकवतात भरपूर. जोडीदारांची ताटातूट, हवा संपणं, फार वेगानं वर येणं, हे शब्द त्यांत पुनःपुन्हा येतात. शार्क नाही, वादळ नाही, या असल्याच घरगुती गोष्टी. आणि मला वाटतं, मित्रांमध्ये यांचं मूळ बरेचदा काठावरच असतं. चौघांनी सुट्टी काढलेली, दोन तास गाडी चालवलेली, पैसे भरलेले. एकाला रात्री झोप नाही, सर्दीनं कान दडलेत, किंवा नुसतंच बरं वाटत नाही. पण ‘माझ्यामुळे सगळ्यांचा विरस नको’ म्हणून तो गप्प राहतो. आपल्याला हा स्वभाव ओळखीचा आहे.

यावर पाणबुड्यांनी एक रिवाज काढला आहे आणि मला तो सगळ्या यंत्रांहून मोलाचा वाटतो. कुणीही, केव्हाही, कारण न देता ‘आज नको’ म्हणावं. बाकीच्यांनी का म्हणून विचारायचं नाही, चिडवायचं नाही, घरी जातानाही विषय काढायचा नाही. पाण्याखालीही तेच. एकाचा अंगठा वर झाला की सगळ्यांनी वर यायचं, वाद नाही. आमच्यातल्या एकानं एकदा सगळं सामान अंगावर चढवून, पाण्यात पाय बुडवल्यावर मान हलवली. आम्ही सामान उतरवलं आणि कँटीनमध्ये चहा प्यायलो. पाणबुड्यांच्या नोंदवहीत हवेचे दोन रकाने असतात, उतरताना किती आणि वर आल्यावर किती. त्या दिवशी त्यानं दोन्हींत २०० लिहिलं आणि आम्ही तिघांनी खाली सह्या केल्या.

जोडीदाराचं काम पाण्याबाहेर आल्यावरही संपत नाही. नायट्रोजनच्या बुडबुड्यांचा त्रास कधीकधी काही तासांनी जाणवतो. खांदा किंवा कोपर दुखतो, मुंग्या येतात, अंगावर लाल चट्टे उठतात, किंवा अवाजवी थकवा येतो. ज्याला होतं तोच ते नाकारतो, हेही डॉक्टरांना चांगलं ठाऊक आहे. उपाय म्हणजे लगेच शुद्ध ऑक्सिजन आणि मग दाबाच्या कक्षातले उपचार. उशीर झाला तर नुकसान कायमचं राहू शकतं. त्या दिवशी विमानानं जायचं नाही आणि एकट्यानं झोपून जायचं नाही. संध्याकाळी एकमेकांना फोन करायचा. ‘काही नाही रे, सिलिंडर उचलताना खांदा भरला असेल’ असं पलीकडून ऐकू आलं, तर फोन ठेवायचा, गाडी काढायची आणि त्याला घेऊन रुग्णालय गाठायचं.