गांधीलमाशीचे पोळे घराला लागले तर

वळचणीला किंवा खिडकीच्या छज्ज्याखाली गांधीलमाश्यांचे पोळे दिसले, की पहिला विचार येतो तो रॉकेलच्या पलित्याचा. पालक व माजी विद्यार्थी यांना आमची विनंती आहे, की तो मोह टाळावा. लाकडाचे व झाडांचे तंतू चावून, लाळेत कालवून ही माशी पोळे रचते. म्हणजे ते एका परीने कागदच असते आणि भपकन पेटते. सोबत छप्परही पेटू शकते. शिवाय मधमाशीची काटेरी नांगी आपल्या कातडीत रुतून राहते, गांधीलमाशीची राहत नाही. एकच माशी पुन्हा पुन्हा डंख करते.

जाणकार माणूस अंधार पडल्यावर येतो, कारण तेव्हा बहुतेक माश्या पोळ्यावर परतलेल्या असतात. अंगभर जाड पोशाख, तोंडावर जाळी, हातांत मोजे घालून तो औषध फवारतो, हालचाल थांबेपर्यंत वाट पाहतो आणि मगच पोळे खरवडून नेतो. भरदुपारी साध्या सदऱ्यावर शिडी लावणाऱ्याला आम्ही तरी हे काम देणार नाही.

डंखानंतर चेहरा सुजला, धाप लागली, तर चुना-हळदीत वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. तेथे ॲड्रेनालिनचे इंजेक्शन जीव वाचवू शकते. पोळे वावरापासून दूर, झाडावर असेल, तर मात्र राहू द्यावे. पिकांवरच्या अळ्या मारून ही माशी आपली पिले पोसते.