पोर्ट भेट देताय? आधी लेबल वाचा

नाताळच्या भेटीसाठी पोर्ट वाइन घेताना नुसत्या नावावर जाऊ नका. अस्सल पोर्ट पोर्तुगालच्या दौरु खोऱ्यातली. गोव्यात स्वस्तात मिळणारी गोड ‘पोर्ट’ हा वेगळा प्रकार. अस्सल पोर्टसाठी द्राक्षाचा रस आंबत असतानाच त्यात द्राक्षाचं स्पिरिट घालतात. आंबणं थांबतं, साखर उरते आणि अल्कोहोल 20 टक्क्यांच्या आसपास जातं.

‘व्हिंटेज’ पोर्ट फक्त उत्तम हंगामाची. 2011 आणि 2016 ही अशी नावाजलेली सालं. व्हिंटेज बाटलीतच कित्येक वर्षं मुरते, तळाशी गाळ धरतो. म्हणून हळूच दुसऱ्या भांड्यात ओतायची आणि दोन-तीन दिवसांत संपवायची. घेणाऱ्याकडे थंड, अंधारी जागा नसेल, तर आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती बाटली वाया जाणार. त्यापेक्षा लाकडी पिंपात मुरलेली 10 किंवा 20 वर्षांची टॉनी पोर्ट बरी: लगेच पिता येते, उघडल्यावर फ्रिजमध्ये काही आठवडे टिकते.

नाशिकचीच गोड वाइन द्यायची तर सुला वाइनरीची ‘लेट हार्वेस्ट शेनिन ब्लां’ आहे. वेलीवर जास्त पिकू दिलेल्या द्राक्षांची ही वाइन. तिच्यात स्पिरिट नसतं. ती वर्षानुवर्षं जपून ठेवू नका, चांगली गार करून प्या.