कोलेजनचा डबा घेण्याआधी सिकलसेलची तपासणी करा

मोबाईलवर जाहिरात येते, औषधाच्या दुकानात डबा दिसतो, कधी ओळखीच्या ताई घरी येऊन सांगतात, "तीन महिने घ्या, चेहरा उजळेल, केस गळायचे थांबतील, गुडघ्यांची झीज भरून निघेल." हा डबा कोलेजन पावडरचा. महिन्याचा खर्च सहज हजार-दीड हजार रुपये. रोजमजुरी, धुणीभांडी, बांधकाम करणाऱ्या घरात ही रक्कम लहान नाही. म्हणून या डब्यात काय असते, त्याने काय त्रास होऊ शकतो आणि आपल्या लोकांनी कोणती जास्तीची काळजी घ्यावी, ते आम्ही येथे सांगत आहोत.

कोलेजन म्हणजे काय?

कोलेजन हे आपल्याच शरीरात तयार होणारे प्रथिन आहे. त्वचा, हाडे, कूर्चा आणि स्नायूंना हाडांशी जोडणारे दोर यांत ते असते. वय वाढले की ते कमी होते. बाजारातले कोलेजन गाय-म्हैस, डुक्कर यांचे कातडे, हाडे किंवा माशांची त्वचा व खवले यांपासून बनवतात. डब्यावर 'व्हेज कोलेजन' लिहिले असेल तर त्यात कोलेजन नसते. आवळा, क जीवनसत्त्व असे घटक असतात.

पावडर घेतली की ती सरळ गुडघ्यात जाऊन बसत नाही. डाळीतल्या किंवा अंड्यातल्या प्रथिनांप्रमाणेच पोटात तिचे बारीक तुकडे होतात. ते कुठे वापरायचे, हे शरीर ठरवते. काही चाचण्यांत त्वचा आणि गुडघेदुखीत थोडा फायदा दिसला आहे. पण २०२५ मध्ये त्वचेवरील २३ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हा कंपन्यांचा पैसा नसलेल्या चाचण्यांमध्ये फायदा आढळला नाही.

कोणता त्रास होऊ शकतो?

बहुतेक निरोगी माणसांना मोठा अपाय होत नाही. पोट जड होणे, गॅस, जुलाब, छातीत जळजळ, तोंडाला विचित्र चव अशा तक्रारी होतात. पण पुढील लोकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये:

मासे चालत नाहीत, खाल्ल्यावर अंगावर गांधी उठतात, त्यांना माशापासून बनवलेल्या कोलेजनची ॲलर्जी होऊ शकते.

मुतखडा होऊन गेलेल्यांनी सावध राहावे. कोलेजनमधील एका घटकापासून शरीरात ऑक्झलेट तयार होते आणि बरेच खडे त्याचेच असतात.

मधुमेह किंवा रक्तदाबामुळे ज्यांची मूत्रपिंडे कमजोर झाली आहेत, क्रिएटिनिन वाढलेले आहे, त्यांना जास्तीच्या प्रथिनांचा भार झेपत नाही.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांसाठी ते सुरक्षित असल्याचा पुरेसा पुरावा नाही.

अनेक डब्यांत बायोटिन मिसळलेले असते. त्यामुळे थायरॉईडच्या आणि हृदयविकाराच्या रक्ततपासणीचा निकाल चुकू शकतो. रक्त देताना आपण काय घेतो ते सांगा.

आपल्या घरातला खरा धोका

विदर्भात आपल्या समाजात सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. नागपूरचे संपत रामटेके यांनी या आजारासाठी आयुष्य वेचले. २०१८ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीमही सुरू आहे. तरीही कित्येक घरांत तपासणी झालेली नाही.

सिकलसेलच्या रुग्णाच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग हाडे-सांधे असह्य दुखतात. रक्त न पोहोचल्याने खुब्याचे हाड मरू लागते आणि तरुण पोरगा लंगडायला लागतो. अशा दुखण्याला 'हाडांची कमजोरी' समजून घरात कोलेजनचा डबा आला, तर तपासणीचे महिने वाया जातात. शिवाय हा आजार मूत्रपिंडांनाही इजा करतो. म्हणून सिकलसेलच्या रुग्णाने मनाने कोणतीही प्रोटीन पावडर सुरू करू नये. हायड्रॉक्सीयुरिया चालू असेल तर डब्याच्या भरवशावर ती गोळी मुळीच बंद करू नये.

मुलाला वारंवार हातपाय-सांधे दुखत असतील, डोळे पिवळे दिसत असतील, रक्त सतत कमी येत असेल तर जवळच्या सरकारी दवाखान्यात सिकलसेलची तपासणी मागा. नागपुरात मेडिकल, मेयो किंवा डागा येथेही जाता येते. दुखण्यासोबत ताप, छातीत दुखणे किंवा दम लागणे असेल तर त्याच क्षणी दवाखाना गाठा.

डबा घेतलाच तर

एफएसएसएआयचा १४ आकडी परवाना क्रमांक, बनवल्याची व संपण्याची तारीख, कोलेजन कोणत्या प्राण्याचे, हे सर्व पाहा. परवाना असला म्हणजे गुण येण्याची सरकारी हमी मिळाली असे नाही. हे औषध नसून पूरक आहार आहे आणि तसे डब्यावर छापणे बंधनकारक आहे. 'सांधेदुखी मुळापासून बरी' असे कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. पक्के बिल घ्या. फसवणूक झाल्यास ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा.

ताटातले कोलेजन

शरीराला कोलेजन बनवायला प्रथिने आणि क जीवनसत्त्व लागते. दोन अंड्यांतून साधारण १२ ग्रॅम प्रथिने मिळतात, म्हणजे दहा ग्रॅम पावडरपेक्षा कमी नाहीत, आणि ती जास्त परिपूर्ण असतात. तुरीची डाळ, चणे, वाटाणे, सुकट-बोंबील, जमेल तेव्हा मटण-मासे खा. त्यासोबत आवळा, पेरू, लिंबू किंवा हंगामात आपली नागपुरी संत्री. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र किती खायचे ते डॉक्टरांना विचारा. बिडी-तंबाखू सोडा, तंबाखूच्या धुराने त्वचेतले कोलेजन लवकर तुटते. उन्हात डोक्यावर दुपट्टा घ्या.

डब्याचे पैसे बाजूला ठेवा. आधी घरातल्या प्रत्येकाची सिकलसेल तपासणी झाली आहे का, ते पाहा. राहिली असेल तर या आठवड्यातच करून घ्या.