खूनबहा: मागितला तरच मिळणारा हक्क

रमजानच्या सुरुवातीच्या रात्रींत तरावीहच्या नमाजमध्ये सूरह बकरा वाचली जाते. रोजे फर्ज करणारी 183 वी आयत याच सूरहमधली, आणि ती बहुतेकांना पाठ असते. तिच्या पाचच आयती आधी, 178 व्या आयतीत, विषय खुनाचा आहे. किसास, म्हणजे खुनाबद्दलची बरोबरीची शिक्षा, सांगून झाली की लगेच तिथे सुटीची वाट येते. मृताच्या वारसांनी काही माफ केले तर उरलेले रीतीने मागावे आणि समोरच्याने ते चांगुलपणाने पोहोचवावे. मारेकरी आणि वारस यांच्याविषयी बोलताना या आयतीत ‘भाऊ’ हा शब्द येतो, हे विशेष.

चुकून झालेल्या मनुष्यवधाचा हुकूम सूरह निसाच्या 92 व्या आयतीत आहे. एक गुलाम मुक्त करायचा आणि मृताच्या घरच्यांना दियत, म्हणजे खूनबहा, द्यायची. गुलाम मुक्त करणे शक्य नसेल तर सलग दोन महिने रोजे. बहुतेक मुफस्सिरांच्या मते हे रोजे गुलामाच्या बदल्यात आहेत, दियतीच्या नव्हे. साठ रोजे धरून अल्लाहकडे तौबा करता येते, पण विधवेचे देणे त्याने फिटत नाही. ते माफ करण्याचा अधिकार फक्त वारसांचा.

भारतात फौजदारी बाबतीत शरियत लागू नाही. बंगालमध्ये कॉर्नवॉलिसने 1790 मध्येच वारसांचा माफीचा अधिकार काढून घेतला होता. पुढे दंडसंहिता आली आणि खून हा सरकारविरुद्धचा गुन्हा ठरला. ते एका अर्थी बरेच झाले, कारण पैसेवाल्याला रक्कम मोजून सुटता येईनासे झाले. पण त्याबरोबर घरचे लोक खटल्यात निव्वळ साक्षीदार होऊन बसले.

नगर जिल्ह्याला हे वेगळे सांगायला नको. सोनई, खर्डा, कोपर्डी ही गावांची नावे आता खटल्यांची नावे झाली आहेत. सोनईच्या तिहेरी हत्याकांडात नाशिकच्या न्यायालयाने जानेवारी 2018 मध्ये सहा जणांना फाशी सुनावली, हे लोकांच्या लक्षात आहे. त्या घरांची चूल पुढे कशावर पेटली, हे फारसे कोणी विचारले नाही. खर्ड्यात एप्रिल 2014 मध्ये एका दलित विद्यार्थ्याचा खून झाला. साक्षीदार उलटले आणि नोव्हेंबर 2017 मध्ये नगरच्या न्यायालयातून सगळे आरोपी निर्दोष सुटले. मग भरपाई कोणाकडून मागायची?

अॅट्रॉसिटी कायद्याने याचे उत्तर बऱ्यापैकी दिले आहे. 2016 च्या नियमांनुसार खुनाच्या प्रकरणात 8 लाख 25 हजार रुपये. निम्मे शवविच्छेदनानंतर, निम्मे आरोपपत्र न्यायालयात गेल्यावर. म्हणजे रक्कम निकालासाठी अडत नाही.

इतरांसाठी वाट लांबची आहे, पण आहे. आरोपी दोषी ठरला तर न्यायालय त्याला ठोठावलेल्या दंडातून मृताच्या वारसांना रक्कम देऊ शकते. शिक्षेत दंड नसेल तर वेगळी भरपाई भरायला लावू शकते, आणि त्या भरपाईला कायद्याने वरची मर्यादा घातलेली नाही. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे हे 357 वे कलम. 1 जुलै 2024 पासून नागरिक सुरक्षा संहितेत ते 395 वे झाले. अडचण अशी की न्यायाधीश अनेकदा हे कलम वापरतच नसत. महाराष्ट्रातल्याच अंकुश शिवाजी गायकवाड खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मे 2013 मध्ये बजावले, की भरपाईचा विचार प्रत्येक फौजदारी खटल्यात झालाच पाहिजे आणि ती दिली किंवा नाकारली तरी कारणे नोंदवली पाहिजेत. भांडण कशावरून? कुत्रे भुंकले, त्याला मारले, त्यावरून बाचाबाची, आणि एक माणूस गेला.

आरोपी कफल्लक असेल, सापडलाच नसेल किंवा सुटला असेल, तर 396 वे कलम. यात पैसा राज्य सरकारच्या योजनेतून येतो आणि रक्कम जिल्हा विधी सेवा प्राधिकरण ठरवते. आरोपी सापडला नसला तरी वारस थेट तिथे अर्ज करू शकतात, आणि प्राधिकरणाने दोन महिन्यांत चौकशी पुरी करायची आहे. आरोपी निर्दोष सुटला तरी न्यायालय भरपाईची शिफारस करू शकते. वारसांना सरकारी वकिलाच्या मदतीला आपला वकील देता येतो, आणि दिलेली रक्कम अपुरी वाटली तर अपीलही करता येते. दिवाणी दाव्याची वाट 1855 च्या प्राणांतिक अपघात कायद्याने खुली आहे, मात्र मृत्यूपासून दोन वर्षांच्या आत. त्यात पती-पत्नी, आईवडील, मुले धरली जातात, भाऊ नाही. दियत मात्र वारशाच्या हिश्श्यांप्रमाणे वाटली जाते.

मोहल्ल्यात दोन गोष्टी आडव्या येतात. एक, ‘खून का पैसा’ घ्यायचा कसा, ही लाज. कुराणाने जो हक्क म्हणून सांगितला त्याची लाज कशाची? न्यायालयाने दिलेली भरपाई घेतली म्हणजे मारेकऱ्याला माफ केले असेही होत नाही. शिक्षा कायम राहते. दुसरी गोष्ट जास्त वाईट. चार बुजुर्ग बसतात, पाकीट ठरते, साक्ष फिरवायची असते, आणि त्याला दियतीचे नाव दिले जाते. खुनाच्या गुन्ह्यात तडजोड कायद्याला मान्य नाही आणि पैसे घेऊन साक्ष फिरवणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. शिवाय अशा बैठकीत विधवेला कोणी विचारलेले नसते. ती इद्दतमध्ये असते, चार महिने दहा दिवस.

त्याच काळात अर्जाची वेळही निघून चाललेली असते. हनफी फिकहमध्ये विधवेला रोजीरोटीच्या गरजेसाठी दिवसा घराबाहेर पडायची मुभा आहे. महिलांना विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो. मृत्यूचा दाखला, एफआयआरची नकल, शवविच्छेदन अहवाल, वारसांची कागदपत्रे आणि मृताच्या कमाईचा जो असेल तो पुरावा, एवढे सोबत न्यावे. आणि जाताना घरातले कोणी तरी तिच्याबरोबर असावे.