नाव, पत्ता आणि दहा बोटं

अमेरिकेत राहणाऱ्या नवऱ्याकडे कायमचं जायचं ठरलं की घरात आधी चर्चा होते ती लग्नाच्या आणि जन्माच्या दाखल्याची. पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, बोलण्यातलं ‘पीसीसी’, सगळ्यात शेवटी आठवतं. ‘आपल्यावर कुठे केस आहे?’ असं म्हणून तो विषय बाजूला ठेवला जातो. माझ्या भाचीच्या कागदपत्रांच्या धावपळीत मी तिच्याबरोबर होते, आणि माझं मत असं झालं की सगळ्यात आधी विचार करायला हवा तो याच कागदाचा. पोलिसांच्या दप्तरातली नोंद नावावरून आणि पत्त्यावरून शोधली जाते, आणि लग्नानंतर बाईच्या आयुष्यात हलतात त्या नेमक्या याच दोन गोष्टी.

जावई अमेरिकेचे नागरिक. त्यांनी तिथून आय-१३० हा अर्ज भरला, तो मंजूर झाला आणि प्रकरण न्यू हॅम्पशायरमधल्या पोर्ट्समथ गावच्या नॅशनल व्हिसा सेंटरकडे गेलं. तिथून मिळालेल्या केस नंबरची सुरुवात बीएमबी या अक्षरांनी होत होती, कारण मुलाखत मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत व्हायची होती. त्याआधी डीएस-२६० हा लांबलचक फॉर्म भरायचा आणि सगळे कागद स्कॅन करून चढवायचे. त्या यादीत पोलीस प्रमाणपत्र होतं, पण एक नव्हे. नियम असा आहे: वयाच्या सोळाव्या वर्षानंतर स्वतःच्या देशात सहा महिने किंवा जास्त राहिला असाल तर त्या देशाचं प्रमाणपत्र, सध्या दुसऱ्या देशात सहा महिन्यांपेक्षा जास्त राहत असाल तर तिथलंही, आणि पूर्वी आणखी कुठल्या देशात बारा महिने किंवा अधिक काढले असतील तर त्याही देशाचं. कुठे अटक झाली असेल तर तिथे किती दिवस राहिलात हा प्रश्नच उरत नाही, प्रमाणपत्र आणि कोर्टाचे कागद दोन्ही लागतात. अमेरिकेत राहिला असाल तर तिथल्या पोलिसांचं मात्र मागत नाहीत. अर्ज करणाऱ्या नवऱ्यालाही ते द्यावं लागत नाही.

भाचीनं इंग्लंडमध्ये एक वर्षाचं एमएस्सी केलेलं, नंतर सिंगापूरला काही वर्षं नोकरी. सिंगापूरबद्दल प्रश्नच नव्हता. इंग्लंडचा हिशेब मात्र काठावरचा. तिथला मास्टर्स सप्टेंबरला सुरू होऊन पुढच्या सप्टेंबरला संपतो, म्हणजे बारा महिने भरले की नाहीत हे दिवस मोजूनच ठरतं. जुना पासपोर्ट उघडला, तर ब्रिटनमध्ये शिरतानाचा शिक्का होता, बाहेर पडतानाचा नव्हता. ब्रिटन बाहेर जाताना शिक्का मारत नाही. तारखा सापडल्या त्या मुंबई विमानतळावरच्या आपल्याच शिक्क्यांत, एक जाण्याचा आणि एक येण्याचा. त्यांतलं अंतर बारा महिन्यांच्या पुढे गेलं होतं. जुने पासपोर्ट ‘संपला’ म्हणून माळ्यावर टाकणाऱ्यांना मला एवढंच सांगायचं आहे की असे हिशेब त्यांतच असतात.

आधी भारताचं. इथे एक गोंधळ हमखास होतो. नोकरीसाठी आपले पोलीस जे चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र देतात ते वेगळं, आणि व्हिसासाठीचं पीसीसी वेगळं. पीसीसी देतं पासपोर्ट कार्यालय. पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावर अर्ज करायचा, कोणत्या देशासाठी हवं ते निवडायचं, पाचशे रुपये भरायचे आणि वेळ घ्यायची. प्रमाणपत्रावर त्या देशाचं नाव छापून येतं, त्यामुळे कॅनडासाठी काढलेला कागद अमेरिकेला चालत नाही. सप्टेंबर २०२२ पासून पोस्टातल्या पासपोर्ट सेवा केंद्रांतही हा अर्ज घेतात, आणि तालुक्याच्या गावातल्या मुलींची त्यामुळे फार मोठी सोय झाली आहे.

अर्जातला अवघड रकाना म्हणजे सध्याचा पत्ता. भाचीच्या पासपोर्टवर माहेरचा, साताऱ्याचा पत्ता. लग्नानंतर हौसेनं आधार कार्डावर सासरचा, पुण्याचा पत्ता आणि नवीन नाव घालून घेतलेलं. प्रत्यक्षात ती राहत होती माहेरीच, कारण नवरा न्यू जर्सीत आणि सासू-सासरे वर्षातले बरेच महिने त्याच्याकडे. पुण्याचा फ्लॅट बंद. पुण्याचा पत्ता दिला असता तर पोलीस कुलपाला भेटून गेले असते आणि अहवाल अपूर्ण म्हणून परत गेला असता. म्हणून जिथे ती खरोखर राहते तोच पत्ता लिहिला, नाव पासपोर्टवरचंच ठेवलं, आणि आईच्या घराच्या पत्त्याचा पुरावा म्हणून भाचीच्या बँकेचं पासबुक जोडलं. ते आधीपासून साताऱ्याच्याच पत्त्यावर होतं.

पुण्यात मुंढव्याच्या केंद्रावर टोकन घेऊन बसलो. ए काउंटरवर कंपनीची मुलं-मुली कागद स्कॅन करतात, फोटो काढतात, बोटांचे ठसे यंत्रावर घेतात. बी आणि सी काउंटरवर सरकारी अधिकारी. बी काउंटरवरच्या मॅडमनी पासपोर्ट उलटून पाहिला, सिंगापूरचे शिक्के पाहिले आणि विचारलं, “मधे किती वर्षं बाहेर होतात?” पत्ता तोच असेल आणि आधीची पोलीस पडताळणी ताजी असेल तर कधीकधी त्याच दिवशी पीसीसी हातात पडतं. इथे मधली वर्षं परदेशात गेली होती, म्हणून प्रकरण पोलीस ठाण्याकडे पाठवलं. मला ते योग्य वाटलं. ज्या कागदावर दुसरा देश भरवसा ठेवणार आहे तो कुणीतरी खरोखर चौकशी करूनच द्यायला हवा.

चौकशीला आलेले हवालदार पन्नाशीचे होते. टॅब घेऊन आले होते. उंबऱ्यात चपला काढल्या, पाणी घेतलं, आणि कागद पाहायच्या आधी भाचीशी बोलले. शिक्षण कुठे, कामाला कुठे, मालक कुठले. मग म्हणाले, “लग्न झालंय ना ताई? मग राहणं इकडं कसं?”

प्रश्नात खोच नव्हती, त्यांना तो रकाना भरायचाच होता. पण माझी बहीण कावरीबावरी झाली. लग्न झालेली मुलगी माहेरी का, याचं उत्तर पोलिसाला द्यावं लागणं आपल्याकडच्या आईला सोपं जात नाही. भाचीनं शांतपणे सांगितलं की व्हिसाचं प्रकरण चालू आहे, तोवर आईकडे राहते. हवालदारांनी दोन शेजारी बोलवायला सांगितले, नातेवाईक नकोत असं बजावून. तळमजल्यावरचे निवृत्त शिक्षक आले आणि समोरच्या वहिनी आल्या. गुरुजींनी मुलगी कितवीत असताना हे कुटुंब इथे आलं तिथपासून सांगायला घेतलं. हवालदारांनी त्यांना थांबवलं नाही. सगळं ऐकून घेतलं, त्यातलं दोन ओळींचं लिहिलं, दोघांच्या आधार कार्डांच्या प्रती आणि सह्या घेतल्या.

जाताना मी त्यांना विचारलं, खरं तपासता काय? त्यांनी सरळ उत्तर दिलं. ठाण्याच्या दप्तरात आणि सीसीटीएनएस या संगणकप्रणालीत नाव पाहतात. पूर्वी ठाण्याची वही उघडायची, आता गुन्ह्यांच्या नोंदी जाळ्यावर आहेत. अडचण येते ती सारख्या नावांची. आपल्याकडे एकाच तालुक्यात नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव असं तिन्ही जुळणारी माणसं असतात. मग वय आणि पत्ता पाहून वेगळं करावं लागतं. लग्न झालेल्या बाईचं तर माहेरच्या नावानं आणि सासरच्या नावानं असं दोनदा पाहावं लागतं. “म्हणून म्हणतो, दोन्ही नावं आपणहून सांगत जावा,” ते म्हणाले. “लपवलं असं वाटायला नको.” कुणावर जुनी केस असेल आणि निर्दोष सुटका झाली असेल तर त्या निकालाची प्रमाणित प्रत आधीच हाताशी ठेवावी, हेही त्यांनीच सांगितलं. कोर्टात खटला चालू असेल तर पासपोर्टच अडू शकतो, ती तरतूद १९६७ च्या पासपोर्ट कायद्यात आहे.

अहवाल गेला आणि पीसीसी आलं. एक पानी कागद, पासपोर्ट क्रमांक, सही, शिक्का. मजकूर इतकाच की हिच्याविरुद्ध प्रतिकूल माहिती नाही.

इंग्लंडचं काम सर्वांत सोपं. हॅम्पशायरमधलं एक्रो हे कार्यालय ऑनलाइन अर्ज घेतं, ठसे मागत नाही, गेल्या दहा वर्षांतले पत्ते विचारतं. काही सापडलं नाही तर कागदावर ‘नो ट्रेस’ असं येतं. जर्मनीत राहिलेल्यांना बॉनच्या न्याय कार्यालयाकडून असा कागद मिळतो. जपानचा तर बंद पाकिटात येतो आणि पाकीट फोडलं की तो बाद होतो. कुतूहलानं पाकीट उघडून बसू नका.

खरी कसोटी सिंगापूरची. तिथलं पोलीस दल बाहेरदेशी असलेल्या अर्जदाराकडून दहाही बोटांचे ठसे कागदावर मागतं, आणि ते ठसे हे काम जाणणाऱ्या माणसानं घेऊन त्याखाली सही-शिक्का करायचा असतो. आता साताऱ्यात निर्दोष बाईचे दहा ठसे कोण घेणार? एका ठाण्यात सांगितलं गेलं की आम्ही ठसे आरोपींचे घेतो, तुमचे कशाला? त्यांच्या बाजूनं पाहिलं तर तेही खरं आहे. कैद्यांची ओळख पटवण्याचा १९२० चा कायदा आणि आता त्याच्या जागी आलेला २०२२ चा कायदा, दोन्ही गुन्ह्याच्या तपासासाठीच केलेले आहेत. स्वतःहून ठसे द्यायला आलेल्या नागरिकासाठी ठाण्यात ठरलेली वाट नाही. शेवटी पोलीस निरीक्षकांच्या नावे अर्ज केला, सिंगापूरचा छापील फॉर्म आणि व्हिसा सेंटरचं पत्र जोडलं, तेव्हा दुसऱ्या ठाण्यात एका जाणत्या हवालदारांकडे आम्हाला पाठवलं.

त्यांचं काम मी पाहतच राहिले. काचेची पाटी त्यांनी आधी स्पिरिटनं पुसली. तिच्यावर थेंबभर काळी शाई टाकून रूळ इतक्या वेळा फिरवला की शाईचा पातळ, एकसारखा थर झाला. “जाड शाई झाली की रेषा बुजतात,” ते म्हणाले. भाचीला हात धुऊन पूर्ण कोरडे करायला लावले. मग तिला सांगितलं, “ताई, तुम्ही काही करायचं नाही. हात सैल सोडा, नजर भिंतीकडे.” माणूस मदत करायला जातो आणि बोट दाबतो, तिथेच ठसा फसतो. अंगठा त्यांनी तिच्या अंगाच्या दिशेनं फिरवला, बाकीची बोटं बाहेरच्या दिशेनं, नखाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, एकाच ओघात, चपातीच्या कडेवरून लाटणं फिरावं तितक्या हलक्या हातानं. उजवा हात, मग डावा. खालच्या ओळीत चारही बोटं एकदम टेकवून. करंगळीचा ठसा पुसट आला म्हणून त्यांनी तो फॉर्म बाजूला ठेवला आणि कोऱ्या फॉर्मवर सगळं पहिल्यापासून केलं. आम्ही जादा प्रती नेल्या होत्या ते बरं झालं. धुणी-भांडी करणाऱ्या, सिमेंटमध्ये काम करणाऱ्या बायकांच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात, त्यांचे ठसे घ्यायला फार धीर लागतो, असं ते बोलता बोलता म्हणाले.

हे शास्त्र मूळ आपल्याच भूमीवर उभं राहिलं हे त्यांना ठाऊक होतं. १८५८ मध्ये बंगालमधल्या जंगीपूरला विल्यम हर्शेल या अधिकाऱ्यानं एका कंत्राटावर पंजाचा ठसा घेतला होता, आणि १८९७ मध्ये कलकत्त्यात जगातलं पहिलं अंगुलीमुद्रा कार्यालय निघालं. तिथे अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघांनी ठशांची वर्गवारी करण्याची पद्धत बसवली, तिला नाव मात्र एडवर्ड हेन्री या साहेबाचं मिळालं. प्रशिक्षणात शिकवलेलं हे सगळं हवालदारांनी आम्हाला मनापासून सांगितलं. मग फॉर्मवर सही केली, नाव-हुद्दा लिहिला, ठाण्याचा शिक्का उमटवला. तो कागद कुरिअरनं न्यू ब्रिज रोडवरच्या सिंगापूर पोलिसांच्या कार्यालयात गेला आणि प्रमाणपत्र आलं.

तिन्ही कागद चढवले गेले, प्रकरण मुलाखतीच्या रांगेत लागलं. एक मुदत मात्र लक्षात ठेवायला हवी. ही प्रमाणपत्रं दोन वर्षं चालतात. ज्या देशात प्रमाणपत्र काढल्यानंतर पुन्हा पाऊल टाकलं नाही तिथल्या कागदाला ही अट लागत नाही, म्हणून सिंगापूर आणि इंग्लंडचे कागद आधी काढून ठेवता येतात. भारतातलं मात्र, इथेच राहत असाल तर, रांग लांबली की पुन्हा काढावं लागू शकतं. मुलाखतीला सगळे मूळ कागद न्यायचे असतात.

माझी एक मागणी जिल्हा पोलीस कार्यालयांकडे आहे. परदेशी जाणाऱ्या नागरिकांचे ठसे घेण्यासाठी आठवड्यातला एक दिवस आणि एक जाणता माणूस नेमून द्यावा, आणि तसा फलक बाहेर लावावा. काम अर्ध्या तासाचं आहे आणि ते करू शकणारी माणसं त्यांच्याकडे आहेत.

आणि ज्यांच्या घरातली मुलगी अशी निघाली आहे त्यांना: लग्नानंतर पासपोर्टवरचं नाव बदललंच पाहिजे अशी सक्ती नाही, २०१७ मध्ये पंतप्रधानांनीही तसं जाहीर केलं होतं. नाव बदलायचंच असेल तर ते अर्ज सुरू होण्याच्या आधी सगळ्या कागदांवर बदला, नाहीतर व्हिसा हातात येईपर्यंत थांबा. आणि पत्ता तोच लिहा जिथे दार वाजवलं तर ती स्वतः उघडेल.